ठिपके गुरुवारी दिसले, धाप सोमवारीच लागली होती

वाचकाचा प्रश्न

एका वाचक भगिनींच्या घरी वर्षभरापासून काचेची टाकी आहे. तीत सहा गप्पी आणि चार कोरीडोरास मासे सुखाने राहत होते. एका रविवारी त्यांनी आठ निऑन टेट्रा आणि चार मोली असे बारा नवे मासे आणून सोडले. सोमवारी संध्याकाळी जुने गप्पी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. मंगळवारी एक निऑन मेला, बुधवारी एक गप्पी. गुरुवारी दोन मोलींच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तेव्हा दुकानदाराला विचारून निळे औषध घातले. शुक्रवारी फरक दिसला नाही म्हणून तेच औषध पुन्हा घातले, शिवाय दोन मुठी मीठ आणि घरातली प्रतिजैविकाची एक कॅप्सूल फोडून टाकली. शनिवारी सगळे पाणी काढून टाकी, खडी आणि फिल्टर नळाखाली धुतले आणि नळाचे पाणी भरले. आता पाणी दुधाळ झाले आहे, गप्पींवरही ठिपके आले आहेत आणि एक मोली तळाशी पडून आहे. पत्राच्या शेवटी, जवळजवळ जाता जाता, त्यांनी लिहिले आहे की मासे आणण्याच्या दोन दिवस आधी ‘सगळे छान दिसावे म्हणून’ फिल्टरचा स्पंज आणि खडी नळाखाली स्वच्छ धुतली होती. त्यांचे प्रश्न असे: नेमके कोणते औषध द्यावे? नव्या माशांनी आजार आणला आहे, तर त्यांना काढून टाकावे का? यजमान म्हणतात, तळ्यात सोडून द्या. आणि शेवटी, ‘मीच मारले का यांना?’

उत्तर

तुमच्या पत्राची निकड पाहून दोन ओळींचे उत्तर आधीच पाठवले होते: औषधे थांबवा, क्लोरीन काढलेल्या आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने निम्मे पाणी बदला, हवेचा पंप पूर्ण जोराने चालू ठेवा आणि दोन दिवस खाणे देऊ नका. आता सविस्तर लिहितो, कारण अशाच आशयाची पत्रे वारंवार येतात आणि त्या सगळ्यांत पहिला प्रश्न ‘कोणते औषध’ हाच असतो. माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे.

आधी वारांचा हिशोब मांडू या. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार करणारा परजीवी माशाच्या कातडीत शिरल्यावर डोळ्यांना दिसण्याइतका वाढायला, तुमच्या टाकीसारख्या कोमट पाण्यात, काही दिवस घेतो. मोलींवर ठिपके चौथ्या दिवशी दिसले, म्हणजे त्या येतानाच तो घेऊन आल्या असाव्यात, आणि गप्पींवर ते आठवड्याने उमटले, हेही त्या क्रमाला धरून आहे. इथपर्यंत तुमचा संशय बरोबर आहे. पण जुने गप्पी सोमवारी, नवे मासे येऊन पुरता एक दिवस होतो न होतो तोच, धापा टाकत होते. रविवारी सोडलेल्या मोलींकडून सोमवारी गप्पींना हा आजार लागून त्यांची धाप लागण्यापर्यंत मजल जाणे त्या परजीवीच्या वेगात बसत नाही. सोमवारची धाप आणि गुरुवारचे ठिपके ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुम्ही त्यांना एकच समजलात आणि दुसऱ्यावरचे औषध पहिल्यावर ओतत राहिलात.

पहिल्या दुखण्याचे मूळ तुमच्या पत्रातल्या त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जीवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंजवर जी तपकिरी, बुळबुळीत घाण दिसते तिच्यातच ही वसाहत असते. क्लोरीन असलेल्या नळाच्या धारेखाली तुम्ही ती शुक्रवारी धुऊन काढलीत आणि रविवारी माशांची संख्या दहावरून बावीस केलीत. कचरा उचलणारे निम्मे लोक रजेवर पाठवून त्याच दिवशी वस्तीत दुप्पट माणसे आणावीत, तसे हे झाले.

तुम्ही लिहिता, ‘पाणी तर अगदी स्वच्छ होते.’ या समजुतीला मला हळूच धक्का द्यावासा वाटतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळलेले आणि रंगहीन असतात. आरशासारखे पाणी जीवघेणे असू शकते आणि पानांच्या अर्काने चहासारखे झालेले पाणी उत्तम असू शकते. तुमच्या एवढ्या तपशीलवार पत्रात पाण्याच्या तपासणीचा एकही आकडा नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, मोजणारा थेंबांचा संच हे माशांच्या घरातले थर्मामीटर आहे आणि औषधाच्या पहिल्या बाटलीआधी तो घरी यायला हवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. पीएच बघण्याचे कारण असे, की अमोनियाचा विषारी वाटा त्यावर ठरतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच ८ असताना तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून किटवर एकाच रंगाची छटा दिसली तरी एका घरातले मासे तग धरतात आणि दुसऱ्या घरातले तडफडतात. नायट्राइटची तऱ्हा वेगळी आहे. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास निकामी करतो, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात आणि पंप चालू असतानाही मासा गुदमरतो.

शनिवारी पुन्हा सगळे धुतल्यामुळे उरलीसुरली वसाहतही गेली. आताचा दुधाळपणा हा मोकळ्या पाण्यात झपाट्याने वाढणाऱ्या दुसऱ्या जीवाणूंचा असावा. तो काही दिवसांत आपोआप ओसरतो, त्यासाठी पाणी ‘चकचकीत’ करणारे कोणतेही रसायन घालू नका, मात्र हे जीवाणू प्राणवायू खातात म्हणून हवेचा पंप रात्रीही बंद ठेवू नका. आणि टाकी धुऊन आजार का गेला नाही, याचे उत्तर सोपे आहे. टाकी धुतलीत तेव्हा तो बादलीतल्या माशांच्या कातडीत बसून होता आणि त्यांच्याबरोबरच परत आत आला.

आता ठिपक्यांकडे वळू. ठिपके दिसले म्हणजे व्हाइट स्पॉट, असे आपण सगळेच धरून चालतो. तुमच्या वर्णनावरून तो असण्याचीच शक्यता जास्त आहे, पण खात्री करून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. रात्री खोलीतला आणि टाकीतला दिवा बंद करा आणि थोड्या वेळाने टॉर्च समोरून न धरता बाजूने, माशाच्या अंगाला तिरपा प्रकाश लागेल असा धरा. एकमेकांपासून सुटे, गोलसर, जास्तीत जास्त एक मिलिमीटरचे आणि कातडीतून किंचित वर आलेले दाणे परांवर आणि अंगावर दिसले, मासा मधूनच हीटरच्या नळीला किंवा दगडाला कूस घासून झटक्यात दूर जात असेल, तर तो व्हाइट स्पॉट धरावा. त्याऐवजी अंगावर पिठासारखी, तिरप्या प्रकाशात सोनेरी झाक देणारी बारीक धूळ दिसली, तर तो व्हेल्वेट हा निराळा आणि जास्त वेगाने मारणारा परजीवी आहे. त्यात टाकी अंधारात ठेवण्याचा फायदा होतो, कारण तो वनस्पतीप्रमाणे प्रकाशावरही काही प्रमाणात जगतो. ओठांभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा राखाडी-पांढरा पट्टा दिसला, तर ती कापसासारखी वाटणारी गोष्ट बुरशी नसून बहुधा कॉलम्नॅरिस नावाचा जीवाणूजन्य आजार असतो. हा फरक पुस्तकी नाही. व्हाइट स्पॉटमध्ये पाणी थोडे गरम करणे उपयोगी पडते, तर कॉलम्नॅरिस ऊबदार पाण्यात भडकतो. एकच उपाय एका आजारात तारतो आणि दुसऱ्यात एका रात्रीत टाकी रिकामी करतो.

यात फसायला फार हुशारीही लागत नाही, हे स्वानुभवाने सांगतो. अनेक वर्षांपूर्वी माझ्या गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काठावर पांढरे दाणे आले. मी आठ दिवस इमानेइतबारे औषध घातले, दाणे हलले नाहीत, मासाही खचला नाही, उलट जोमाने दुसऱ्या माशाच्या मागे पळत राहिला. तो नर होता आणि ते विणीच्या हंगामात नरांना येणारे दाणे होते. आजारी मासा पर मिटून घेतो, कोपऱ्यात थांबतो, खाणे तोंडात घेऊन थुंकतो. यातले काहीच नसेल तर औषधाची बाटली खाली ठेवावी.

व्हाइट स्पॉटच्या परजीवीचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस. त्याचा अर्थ ‘पुष्कळ लेकरांची, माशावरची ऊ’ असा होतो आणि उपचाराची सारी गुरुकिल्ली त्या लेकरांत आहे. दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीच्या वरच्या थराखाली बसून माशाला खाणारा एक जीव असतो. माशाच्याच कातडीचे पांघरूण असल्याने पाण्यातले औषध त्याला शिवत नाही. पोट भरले की तो माशाला सोडून तळाशी उतरतो, खडीला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कोश करतो आणि त्यात विभागत विभागत शेकडो पिल्ले तयार करतो. ही पिल्ले कोश फोडून पोहत बाहेर पडतात आणि ऊबदार पाण्यात दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारते. २५-२६ अंशांना हे सारे चक्र तीन ते सहा दिवसांत फिरते, तर १० अंशांच्या गार पाण्यात महिनाभरही लांबते.

आता तुमचा शुक्रवार पाहा. गुरुवारी औषध घातले, शुक्रवारी ठिपके तसेच होते म्हणून ते निकामी ठरवून पुन्हा घातले. पण दुसऱ्या दिवशी ठिपके तसेच असणे हे त्या औषधाचे अपयश नव्हतेच, कारण कातडीखालच्यांना ते मारणारच नव्हते. याच्या उलटी चूक आणखी मोठी आणि फार लोकांकडून होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपके एकाएकी नाहीसे होतात, घरात आनंद होतो आणि औषध बंद केले जाते. प्रत्यक्षात ठिपके बरे झालेले नसतात, खाली उतरलेले असतात, आणि दोन दिवसांनी पहिल्याच्या कितीतरी पट येऊन चिकटतात.

मात्रेबद्दलही बोलायला हवे. तुम्ही लांबी, रुंदी आणि उंची ७५, ३० आणि ४० सेंटिमीटर कळवली आहे. त्यांचा गुणाकार करून हजाराने भागले की ९० लिटर येतात आणि तुम्ही ‘अंदाजे शंभर’ धरून औषध घातलेत. पण पाणी काठापर्यंत नसते. ते ३६ सेंटिमीटरपर्यंत असेल तर ८१ लिटर होतात, त्यातून खडी, दगड आणि सजावट वजा केली की ७० लिटरच्या आसपास उरते. म्हणजे पहिलीच मात्रा सुमारे दीडपट गेली आणि मध्ये पाणी न बदलता दुसऱ्या दिवशी तिच्यावर तेवढीच आणखी. तुमचे निळे औषध मिथिलीन ब्लू असेल, तर ते फिल्टरच्या जीवाणूंनाही हानी पोहोचवते आणि ठिपक्यांवर मॅलकाइट ग्रीन या दुसऱ्या औषधाइतके खात्रीचे नाही. मूठ हे मिठाचे माप नव्हे, ते वजन करूनच घालावे. कॅप्सूलबद्दल मात्र थोडे कडक बोलतो. जीवाणूजन्य आजाराची खूण नसताना प्रतिजैविक टाकण्याने परजीवीचे काहीच बिघडत नाही, फिल्टरचे जीवाणू मरू शकतात, आणि अपुऱ्या मात्रेला सरावलेले जीवाणू मागे उरतात. जिथे जलचरांचे पशुवैद्य किंवा मत्स्य महाविद्यालय गाठता येते, तिथे कातडीवरचा चिकट स्राव खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावा. हा परजीवी तिथे हळूहळू लोळताना दिसतो आणि त्याच्या पोटातले घोड्याच्या नालेसारखे केंद्रक एकदा पाहिले की विसरत नाही.

नवे मासे काढून टाकण्याचा तुमचा विचार समजण्याजोगा आहे, पण त्याची वेळ टळून गेली आहे. परजीवी आता तुमच्या खडीत आहे आणि जुन्या माशांवरही आहे. नवे काढले तरी जुन्यांवर उपचार करावेच लागतील, म्हणून सर्व मासे एकाच टाकीत ठेवून संपूर्ण टाकीवर उपचार करणे हाच सरळ मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे सगळे मासे साध्या प्लास्टिकच्या टबात हलवून तिथे औषध देणे आणि मूळ टाकी आठवडाभर २५-२६ अंशांवर माशांविना चालू ठेवणे, म्हणजे तिथली पिल्ले उपाशी मरतात. ज्यांच्या टाकीत झाडे, कोळंबी किंवा गोगलगायी आहेत त्यांनी हाच मार्ग धरावा, कारण मीठ झाडांना सोसत नाही आणि तांबेयुक्त औषध कोळंबी-गोगलगायींना मारते. तुमच्याकडे यांपैकी काही नाही आणि सध्या दोन्हीकडे वसाहत जमलेला फिल्टर नाही, तेव्हा मासे हलवण्याचा जाच त्यांना देऊ नये. तळ्यात सोडण्याचा पर्याय मात्र मनातूनच काढून टाका. आजारी मासा सोडणे म्हणजे तो आजार तिथल्या माशांना देणे, आणि निरोगी परका मासा सोडणे हेही त्या तळ्यावर संकटच असते. सोडलेल्या गप्पींनी आणि सकर माशांनी अनेक देशांच्या पाण्यात ठाण मांडले आहे.

प्रत्यक्ष काय करायचे ते आता सांगतो. पहिला दिवस फक्त पाण्याचा. आधीच्या औषधाचे अवशेष काढण्यासाठी फिल्टरमध्ये नवा सक्रिय कोळसा एक दिवस ठेवा आणि नंतर आठवणीने काढा, कारण तो राहिला तर पुढचे औषधही शोषून घेतो. ओळखीच्या कोणाकडे खूप महिने निरोगी चाललेली टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधला जुना, न धुतलेला स्पंज ओलाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. चार आठवड्यांचे काम त्याने काही दिवसांवर येते. त्यानंतर रोज २५ ते ३० टक्के पाणी बदला आणि ते काढताना सायफनची नळी खडीत खुपसून तळ ओढा. त्यात अमोनिया तर जातोच, शिवाय तळाशी चिकटू पाहणारे कोशही जातात. नळी तोंडाने ओढू नका, आणि हाताला चीर असेल तर हातमोज्याशिवाय पाण्यात हात घालू नका. माशांच्या टाकीतल्या मायकोबॅक्टेरियम मरायनम या जीवाणूने माणसाच्या कातडीवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात.

दुसऱ्या दिवशी धाप कमी झाली असेल तर उपचार सुरू करा. लिटरला एक ग्रॅम याप्रमाणे, म्हणजे तुमच्या टाकीला ७० ग्रॅम, काहीही न मिसळलेले साधे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरतो त्या वाटेवर मिठातला क्लोराइड आडवा येतो, म्हणून हे मीठ ठिपक्यांपेक्षा धापेसाठी जास्त आहे. रोज जेवढे पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचे मीठ पुन्हा घाला, सबंध टाकीचे नव्हे. ठिपक्यांसाठी मॅलकाइट ग्रीन असलेले एकच औषध घ्या. कोरीडोरास आणि निऑन दोघांनाही ते जड जाते, तेव्हा वेष्टनावर अशा माशांसाठी निम्मी मात्रा सांगितली असेल तर तीच घ्या आणि ७० लिटरचा हिशोब धरा. बाटली हाताळताना मोजे घाला आणि ती मुलांच्या हाताबाहेर ठेवा, हे रसायन माणसालाही घातक आहे. तापमान २८ अंशांपर्यंत, दर काही तासांनी एक अंश याहून वेगाने नव्हे, असे वाढवा. त्याने परजीवीचे चक्र वेगाने फिरते आणि पिल्ले लवकर औषधाच्या तावडीत येतात. मात्र पाणी जितके ऊब धरते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो आणि अमोनियाचा विषारी वाटा वाढतो, म्हणून धाप चालू असेपर्यंत हीटरला हात लावायचा नाही. शेवटचा ठिपका गेल्यावर निदान तीन दिवस औषध चालू ठेवा आणि त्यापुढे आठवडाभर रोज रात्री टॉर्चने पाहा.

या काळात एक वही ठेवावी, त्यात रोजचा अमोनिया, नायट्राइट, तापमान आणि श्वासाची गती लिहावी. एक गप्पी निवडून पंधरा सेकंदांत त्याचे कल्ले किती वेळा उघडतात ते मोजा आणि चारने गुणा. प्रत्येक जातीची गती वेगळी असल्याने त्या आकड्याची तुलना त्याच माशाच्या कालच्या आकड्याशी करायची. ठिपके तेवढेच असून हा आकडा उतरत असेल, तर तुमचे पाणी सुधारते आहे. ठिपके कमी होऊन तो चढत असेल, तर परजीवी कल्ल्यांत आहे किंवा अमोनिया परतला आहे, आणि त्या क्षणी औषधाआधी किट उघडायचे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगतो. मोली आणि निऑन ही जोडी मुळात जमत नाही. मोलीला जड, खनिजांनी भरलेले पाणी मानवते, तर निऑन मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. मऊ पाण्यातली मोली एकाच जागी डुलत राहते, पर मिटते आणि मग येईल त्या परजीवीला बळी पडते. हे संकट निभावल्यावर दोघांपैकी एकालाच ठेवायचे ठरवा. गप्पीही मोलीच्याच बाजूचे आहेत, हे ध्यानात असू द्या.

पुढच्या वेळी नवे मासे आणाल तेव्हा ते थेट मोठ्या टाकीत सोडू नका. वीस-तीस लिटरचा साधा टब, हीटर, हवेचा पंप आणि एक छोटा स्पंज फिल्टर एवढ्यावर विलगीकरण होते. त्यातला स्पंज महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात चालवून ठेवावा, म्हणजे तो वसाहतीसकट तयार मिळतो. मासे तिथे चार आठवडे ठेवा. जाळे आणि बादली वेगळी असू द्या, पिशवीतले पाणी आत ओतू नका. या महिन्यात ‘कशासाठी तरी असू दे’ म्हणून औषधे घालणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. मी खाणे घालतो आणि बघतो. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते का, गुदद्वारातून लालसर धागे डोकावतात का, खवले अननसासारखे उभे राहतात का, एकच कल्ला हलतो का, हे सारे चार आठवड्यांत दिसून येते आणि प्रत्येकाचे औषध निराळे असते. निऑनच्या बाबतीत अंगावरचा रंग जागोजागी फिका पडत जाऊन पाठीला बाक आला, तर त्या आजारावर उपाय नाही आणि तो मासा वेगळाच ठेवावा लागतो. दुकानात निवड करताना आवडलेला मासा न पाहता ती सबंध टाकी पाहा. तिच्यात एक जरी मासा मेलेला किंवा पर मिटलेला असेल तर बाकीच्यांचे सौंदर्य विसरा. आणि बारा मासे एकदम आणण्याऐवजी चार-चार, मध्ये काही आठवडे सोडून, आणा.

‘मीच मारले का’ या प्रश्नाला खोटे उत्तर देऊन तुमचे समाधान करणार नाही. पहिल्या दोन मृत्यूंमध्ये धुतलेल्या स्पंजचा मोठा वाटा असावा. निऑनला प्रवासाचाही फटका बसला असेल, कारण बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरतो आणि अमोनिया सौम्य रूपात राहतो, पण पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. स्वच्छतेच्या हौसेने स्पंज धुण्याची चूक या छंदात जवळजवळ प्रत्येकाने एकदा केलेली असते. यापुढे तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोन-तीन वेळा पिळा, आणि ज्या आठवड्यात नवे मासे येणार असतील त्या आठवड्यात त्याला हातही लावू नका.

तळाशी पडलेल्या मोलीबद्दल. तिला जाळीच्या पेटीत, टाकीतच, पृष्ठभागाजवळ ठेवा, म्हणजे श्वासासाठी तिला वर यावे लागणार नाही आणि बाकीचे तिला टोचणार नाहीत. तिसऱ्या दिवशी उकडलेले, साल काढून कुस्करलेले वाटाण्याचे दल तिच्यासमोर सोडा. ती त्याच्याकडे वळली, तोंडात घेऊन थुंकले तरीसुद्धा, तर थांबण्यासारखे आहे. पाच-सहा दिवसांनीही ती कुशीवरच असेल, खवले उभे राहिले असतील आणि खाण्याकडे नजरही जात नसेल, तर तिचे हाल लांबवण्यापेक्षा पशुवैद्याच्या मदतीने तिला भुलीच्या औषधाने शांतपणे जाऊ द्या. मेलेला मासा टाकीत तासभरही ठेवू नका आणि उघड्या पाण्यात टाकू नका, तो मातीत पुरा.